व्हर्चो म्हणायचं का फिर्शो? एका विरळ आडनावाची गोष्ट, आणि तुमचे बाकीचे प्रश्न

प्रश्न : सर नमस्कार, मी अंबाजोगाईला मेडिकलला आहे, सेकंड इयर. पॅथॉलॉजीत रोज व्हर्चो ट्रायड, व्हर्चो नोड हेच चालू असतं. एक मॅडम व्हर्चो म्हणतात, दुसरे सर विर्चाऊ म्हणतात, आणि यूट्यूबवर एकजण फिर्को म्हणतो. खरं काय? आणि मला हे आडनाव जर्मन वाटतच नाही, शेवटी ओडब्ल्यू असलेली नावं रशियन-पोलिश असतात ना?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : लई चांगला प्रश्न विचारलास. रुडॉल्फ फिर्शो ह्या जर्मन डॉक्टरचं हे नाव. रक्ताची गुठळी होण्याची तीन कारणं म्हणजे त्याचा ट्रायड, आणि मानेच्या तळाशी डाव्या बाजूला असलेली एक गाठ म्हणजे त्याचा नोड. डॉक्टरी शिकणाऱ्या सगळ्यांच्या तोंडात हे नाव रोज असतं आणि ते आलं कुठून हे फारसं कुणी विचारत नाही.

आधी उच्चार. जर्मन माणूस फिर्शो म्हणतो, काहीजण विर्शो म्हणतात, दोन्ही बरोबर. मधला आवाज अगदी आपला श नाहीये, श आणि ह च्या मधे कुठंतरी आहे, पण आपल्या जिभेला श जवळचा. शेवटचा डब्ल्यू मात्र बोलायचाच नाही. बर्लिनमधे पांको नावाचा भाग आहे, त्याच्या स्पेलिंगात पण शेवटी ओडब्ल्यू आहे आणि तिथंही तो मुकाच. म्हणजे आपल्याकडं चालणारा विर्चाऊ हा इंग्रजी वाचून तयार झालेला उच्चार आहे.

आता तुझी शंका. एकदम बरोबर आहे, हे आडनाव मुळात स्लाव्हिक आहे, म्हणजे पोलिश-चेक-रशियन ज्या भाषांच्या कुटुंबात येतात त्यातलं. पण माणूस जर्मन होता आणि त्याच्या घरात जर्मनच बोलायचे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, त्यासाठी जरा मागं जावं लागतं.

आजच्या जर्मनीत एल्बे नावाची नदी आहे. तिच्या पूर्वेला सहाव्या-सातव्या शतकापासून स्लाव्ह लोक राहायला होते, त्यांची गावं, त्यांच्या गढ्या, त्यांचे राजे. मग बाराव्या-तेराव्या शतकात पश्चिमेकडून जर्मन शेतकरी, कारागीर, मठवाले मोठ्या संख्येनं तिकडं येऊन वसले, आणि पुढच्या तीन-चारशे वर्षांत बहुतेक ठिकाणी स्लाव्ह लोकांनी हळूहळू जर्मन भाषा धरली. माणसं तीच राहिली, काही लग्नं इकडची तिकडं झाली, भाषा मात्र बदलली. गावांची नावं बदलली नाहीत, ती जुनीच राहिली. लाइपझिग हे लिंडन झाडाच्या स्लाव्हिक नावावरून, केम्निट्स दगडाच्या नावावरून, आणि बर्लिनचं मूळही दलदलीसाठीच्या एका स्लाव्हिक शब्दात सांगतात. ज्या शहराला आपण जर्मनीची राजधानी म्हणतो त्याचंच नाव जर्मन नाही, आता बोल.

रुडॉल्फ फिर्शो १८२१ साली शिफेलबाइन नावाच्या छोट्या गावात जन्मला, पोमेरानियात. पोमेरानिया म्हणजे समुद्राकाठचा मुलूख, हे नाव पण स्लाव्हिकच. त्याच भागात, फार लांब नाही, फिर्शो नावाचं एक खेडं होतं. स्लाव्हिकमधे वर्ख म्हणजे माथा, टेकाडाचा वरचा भाग, आणि पुढचा ओव हा आपल्या चा-ची सारखा, त्यामुळं टेकाडावरचं गाव असा काहीसा अर्थ. आपल्या संस्कृतातला वर्ष्मन् म्हणजे उंची, शिखर, तो ह्या वर्खचा लांबचा नातेवाईक आहे हे भाषेचे अभ्यासक मानतात, मला ते वाचून फार आनंद झाला होता म्हणून सांगतोय.

तर त्या खेड्यावरून आडनाव पडलं. आपल्याकडं सेलूचा माणूस सेलूकर होतो, देगलूरचा देगलूरकर. जर्मनीत कधी गावाला अर लावतात, कधी काहीच लावत नाहीत, गावाचं नावच जसंच्या तसं आडनाव होऊन बसतं. पण एक नियम दोन्हीकडं सारखा, गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव पडत नाही. सेलूतच सगळे सेलूचे, मग कुणाला सेलूकर म्हणणार? गाव सोडून जो बाहेर पडला त्यालाच दुसऱ्या गावचे लोक त्या नावानं ओळखायला लागतात. आडनाव विरळ का असतं ह्याचं पहिलं कारण इथंच आहे बघ. म्यूलर, श्मिट, श्नायडर ही जर्मनीतली सगळ्यात जास्त सापडणारी आडनावं, म्हणजे चक्कीवाला, लोहार, शिंपी, आणि असला माणूस प्रत्येक गावात होता त्यामुळं हजारो घराण्यांना स्वतंत्रपणे तेच आडनाव पडलं. फिर्शोचं तसं नाही, एक लहान खेडं, तिथून बाहेर पडलेली मोजकी माणसं, बास, तेवढ्यावरच सगळं.

आणि पुढं १९४५ मधे तर त्या मुलखाचीच उलथापालथ झाली. युद्ध हरल्यावर ओडर-नायसे नद्यांच्या पूर्वेचा भाग जर्मनीच्या हातातून गेला, पोमेरानियाचा बराचसा भाग पोलंडकडं आला आणि पूर्व युरोपातून मिळून साधारण सव्वा कोट जर्मन लोकांना घरदार सोडून पळावं लागलं किंवा हाकलून काढलं गेलं. शिफेलबाइनचं श्विद्विन झालं. फिर्शो खेड्याचं व्येश्खोवो झालं, ते पोलिश वळणाचं नाव आहे आणि मूळ तेच, टेकाडाचं. म्हणजे गाव आता पोलिश, गावाचं जर्मन वळणाचं नाव नकाशावरून गेलं आणि फक्त आडनावात उरलं. बर्लिनच्या शारिते ह्या प्रसिद्ध हॉस्पिटलच्या एका कॅम्पसला आजही फिर्शोचं नाव आहे, तिथून रोज हजारो लोक जातात पण आडनाव ज्या गावावरून आलं ते गाव दुसऱ्या देशात आहे.

तुझ्या अभ्यासाच्या पुस्तकात ट्रायड असेल, नोड असेल, १८४७ मधे ल्युकेमिया हे नाव त्यानंच दिलं हे असेल, पण एक गोष्ट बहुतेक नसणार. १८४८ च्या सुरुवातीला अप्पर सायलेशियात, म्हणजे आजच्या दक्षिण पोलंडच्या भागात, टायफसची (टायफॉइड नव्हे, उवांमधून पसरणारा ताप) साथ आली, लोक उपाशी आणि आजारी, बहुतेक सगळे पोलिश बोलणारे गरीब शेतमजूर. सरकारनं सव्वीस वर्षांच्या फिर्शोला पाहणीला पाठवलं. त्यानं परत येऊन रिपोर्टात औषधाची यादी नाही दिली, त्यानं लिहिलं की ह्या लोकांना लोकशाही पाहिजे, शिक्षण पाहिजे, मजुरी नीट पाहिजे आणि पोलिश भाषेला सरकारी मान पाहिजे. जर्मन सरकारी डॉक्टर, आडनाव स्लाव्हिक मुळाचं, आणि मागणी पोलिश भाषेसाठी. आडनावामुळं त्यानं हे लिहिलं असं अजिबात नाही, त्यानं तिथं जे पाहिलं त्यामुळं लिहिलं. मराठवाड्यात मेडिकल शिकणाऱ्या पोरीनं तो रिपोर्ट एकदा तरी वाचावा असं मला मनापासून वाटतं, इंग्रजी भाषांतर मिळतं.

अजून एक. नंतर त्यानं जर्मनीतल्या शाळकरी पोरांचा एक प्रचंड सर्व्हे केला, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, कातडीचा रंग, सुमारे ६७ लाख पोरं, निकाल १८८६ मधे छापला. तेव्हा खरा जर्मन म्हणजे सोनेरी केस आणि निळे डोळे असं म्हणणारे वाढायला लागले होते. सर्व्हेत निघालं काय, तर तशी पोरं एक तृतीयांशापेक्षाही कमी, आणि ज्यू पोरांमधे सुद्धा साधारण ११ टक्के पोरं तशीच गोरी-सोनेरी. म्हणजे भाषा एक, वंश एक, रक्त एक हा हिशोबच जमत नाही. आडनावाचं पण तेच आहे. आडनाव कुठल्या भाषेतलं आहे हे तुम्हाला तुमच्या एका पूर्वजाचं गाव सांगतं, किंवा त्याचा धंदा, किंवा कारकुनानं काय ऐकलं ते सांगतं. बाकीच्या शेकडो पूर्वजांबद्दल ते काहीच सांगत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, गणित शिकवायचो. आमच्या आडनावाची आता दोनच घरं राहिली, एका घरात दोन्ही मुलीच आहेत. आडनावं खरंच मरतात का, की लोक उगाच म्हणतात? आणि काही आडनावं विरळ होतात त्यामागं काही गणित आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : गुरुजी, आहे ना गणित, आणि ते सुरू झालं ते पण एका मासिकातल्या वाचकांच्या प्रश्नातूनच. १८७३ साली फ्रान्सिस गॉल्टन ह्या इंग्रज अभ्यासकानं लंडनच्या एज्युकेशनल टाइम्स ह्या मासिकात प्रश्न टाकला की मोठ्या मोठ्या घराण्यांची आडनावं नाहीशी होतात ती घराणी कमजोर पडली म्हणून, की नुसत्या योगायोगानं? हेन्री वॉटसन ह्या पाद्र्यानं त्याचं उत्तर काढलं, आणि गॉल्टन-वॉटसन प्रोसेस म्हणून ते आजही शिकवतात, पुढं तेच गणित अणूंच्या साखळी प्रक्रियेला पण लागू पडलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर साधं उदाहरण घ्या. समजा १०० पुरुष आहेत, प्रत्येकाचं आडनाव वेगळं, आणि आडनाव मुलग्याकडूनच पुढं जातं. मुलगा एकही नसण्याची शक्यता पाव, एक असण्याची अर्धी, दोन असण्याची पाव. सरासरी पडते बरोबर एक मुलगा, म्हणजे लोकसंख्या कमी पण होत नाही जास्त पण होत नाही. तरी पहिल्याच पिढीत २५ आडनावं गेली. दुसऱ्या पिढीअखेर ३९. तिसऱ्या पिढीअखेर ४८ च्या आसपास. पाचव्या पिढीपर्यंत १०० पैकी साधारण ६० आडनावं संपलेली असतात, आणि कुणाचं काही चुकलेलं नाही, रोगराई नाही, दुष्काळ नाही. हिशोब कागदावर मांडला तर आकडे लगेच जुळतील, तुम्ही तर गणिताचे. सरासरी एक किंवा त्याच्या खाली असेल तर शेवटी सगळीच संपतात, एकाच्या वर असेल तर काही टिकतात. वॉटसनचा निष्कर्ष सगळीच संपतात असा होता, तो चुकला होता, आणि फ्रान्सच्या बिएनेमे ह्या गणितज्ञानं बरोबर उत्तर त्याच्या आधी १८४५ मधेच दिलं होतं, पण ते लोकांच्या ध्यानातच आलं नाही.

म्हणजे ज्या आडनावाची सुरुवातच एकदोन घरांपासून झाली ते विरळच राहणार किंवा जाणार. वरच्या प्रश्नातलं फिर्शो आडनाव त्याच जातीतलं. पण जर्मन-स्लाव्हिक आडनावांच्या बाबतीत अजून दोन कारणं आहेत आणि ती गणिताची नाहीत, कागदाची आहेत.

एक म्हणजे कारकून. जर्मनीत आधी सगळ्या नोंदी चर्चच्या वहीत, जन्म-लग्न-मृत्यू, आणि पाद्री ऐकेल तसं लिहिणार. प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्यात, सरकारी नोंदणी कचेरी १८७४ मधे आली, सगळ्या जर्मन साम्राज्यात १८७६ च्या जानेवारीपासून. त्या दिवशी टेबलामागं बसलेल्यानं जे स्पेलिंग लिहिलं ते कायमचं. स्लाव्हिकमधले च, झ, नाकातले स्वर ह्यांना जर्मन लिपीत सरळ अक्षरच नाही, त्यामुळं च लिहायला टी-एस-सी-एच अशी चार अक्षरं, कुणी मधे झेड घातला, कुणी नाही. नीत्शे आडनाव बघा, ते निकोलस नावाच्या स्लाव्हिक लाडक्या रूपावरून आलं, आणि त्याची इतकी स्पेलिंगं झाली की तत्त्वज्ञ नीत्शेचं स्पेलिंग वेगळं, शेजारच्या गावातल्याचं वेगळं, कधी एकाच कुळातल्या भावांचं पण वेगळं. कानाला एकच आडनाव, यादीत पाच-सहा आडनावं आणि त्यातली एक-दोन दुर्मिळ. (तो तत्त्वज्ञ स्वतःला पोलिश सरदार घराण्यातला समजायचा, संशोधकांनी वंशावळ काढली तर पिढ्यान् पिढ्या जर्मनच निघाले. परत तेच, आडनावावरून रक्त काढायला गेलं की फसतं.)

मराठवाड्यात आपल्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, दफ्तर उर्दूत. उर्दूत ळ नाही, ण नाही, आणि ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. म्हणजे काळे लिहिलं की काले, चव्हाण लिहिलं की चव्हान नाहीतर चौहान, आणि नंतर ते उर्दूतून मराठीत उतरवताना वाचणाऱ्यानं मधे कुठला स्वर घातला ते त्याच्यावर. सध्या जुन्या नोंदी काढायला तहसीलला रांगा लागायल्यात, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधत लोक फिरायलेत, त्यातल्या कित्येकांना आजोबांचं आडनाव वेगळंच लिहिलेलं सापडतं आणि मग एकाच घराण्याचा पुरावा जोडताना जीव जातो. अशा वेळी घाबरू नका, कारकुनाची भाषा कुठली होती ते आधी बघा, अर्धं कोडं तिथंच सुटतं.

दुसरं कारण म्हणजे लोकांनी स्वतःच आडनाव बदललं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोलिश बोलणारे लाखो लोक पश्चिम जर्मनीतल्या रूरच्या कोळशाच्या खाणींत कामाला गेले, तिथं पोलिश आडनावाला मान नव्हता, पुढं अनेकांनी जर्मन वळणाचं करून घेतलं. सगळ्यात माहीत असलेलं उदाहरण अँगेला मर्केलबाईंचं. त्यांचं माहेरचं आडनाव कासनर. पण त्यांचे आजोबा आज पोलंडमधे असलेल्या पोझनानचे, जन्मताना आडनाव काझ्मेरचाक, १९३० मधे घरानं कासनर करून घेतलं. एका अर्जात एक आडनाव घरातून गेलं आणि दोन पिढ्यांनी त्या घरातली मुलगी जर्मनीची चान्सलर झाली.

तुमच्या घरच्या मुलींबद्दल म्हणाल तर गुरुजी, आडनाव मुलग्याकडूनच जाणार हे त्या गणितातलं गृहीतक आहे, कायद्यातलं नाही. आपल्याकडं लग्नानंतर बाईनं आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. मुलींची इच्छा असेल तर त्या ठेवू शकतात.

प्रश्न : माझी मुलगी नर्स आहे, जर्मनीत बाउत्सेन गावाला नोकरी लागली. ती सांगते की गावच्या पाटीवर दोन नावं आहेत आणि वॉर्डातल्या एका बाईचं आडनाव तिच्या नवऱ्यापेक्षा थोडं वेगळं आहे, शेवटी ओवा लावते. ती बाई रशियन आहे का विचारलं तर म्हणाली नाही, मी इथलीच. मला काही कळेना.
— एक आई, लातूर

उत्तर : ताई, ती बाई इथलीच म्हणाली ते खरं आहे. ती सोर्ब समाजातली असणार. वर सांगितलं ना एल्बेच्या पूर्वेच्या स्लाव्ह लोकांनी जर्मन भाषा धरली म्हणून, तर लाउझिट्स नावाच्या पट्ट्यातल्या काही लोकांनी ती पूर्ण धरली नाही, आपली भाषा टिकवली, आज सुमारे ६० हजार सोर्ब आहेत असं धरतात. त्यांच्या भाषेत बाउत्सेनला बुदिशिन म्हणतात, म्हणून पाटीवर दोन नावं. हिटलरच्या काळात त्यांच्या संस्था बंद केल्या, भाषेवर बंदी आली, तरी टिकले. स्तानिस्लाव टिलिच हे सोर्ब गृहस्थ २००८ ते २०१७ सॅक्सनी राज्याचे मुख्यमंत्री होते.

त्यांच्यात बाईच्या आडनावाचं रूप वेगळं होतं. नवऱ्याचं नोवाक तर बायको नोवाकोवा, लग्न न झालेली मुलगी नोवाकेत्स. घरात-चर्चमधे हे चालायचं पण सरकारी कागदावर जर्मन कायदा मान्य करत नव्हता, पासपोर्टवर नोवाकच लिहावं लागायचं. बरीच वर्षं मागणी केल्यावर नवीन नावकायदा झाला आणि १ मे २०२५ पासून सोर्ब बायकांना त्यांचं रूप अधिकृतपणे लावता येतं. म्हणजे तुमच्या मुलीला भेटलेली बाई बहुतेक अगदी अलीकडं कागदावर ओवा झालेली असेल. शे-दीडशे वर्षं कारकुनानं कापलेलं शेपूट तिनं परत जोडून घेतलं, मला तर फार भारी वाटलं हे.

मुलीला सांगा, नोवाक, नोआक अशी आडनावं तिकडं खूप भेटतील, सगळ्यांचं मूळ नवीन आलेला माणूस. आणि तिकडं कुणाच्याही आडनावाला शेवटी के असला, यांके, लेम्के वगैरे, तर लगेच स्लाव्हिक आहे म्हणू नको म्हणावं, कारण उत्तर जर्मनीच्या बोलीत पण के हा लाडाचा प्रत्यय आहे. तिथं तो नेमका कुठला हे जुन्या वहीत गाव सापडल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : आमचं आडनाव शेवटी वार लागणारं. पुण्यात गेलो की विचारतात तुम्ही तेलुगू का? आम्हाला तेलुगू येत नाही, आजीला थोडी यायची. काय सांगायचं?
— एक वाचक, देगलूर

उत्तर : जे आहे तेच सांगा. हा वार तेलुगूतल्या वारु ह्या आदरार्थी प्रत्ययावरून आला, अमक्या घराण्याचे लोक ह्या अर्थी. कोत्तावार घ्या, कोत्त म्हणजे तेलुगूत नवीन, वरचा नोवाक पण नवीनच. नांदेड, देगलूर, बिलोली, किनवट हा सगळा पट्टा तेलंगणाला लागून, व्यापार तिकडं, नाती तिकडं, आणि १९५६ पर्यंत सगळं एकाच हैदराबाद राज्यात होतं. पिढ्या गेल्या, घरात मराठी आली, आडनावात तेलुगू राहिलं. फिर्शोच्या घरी जसं जर्मन बोलायचे तसंच.

घराण्याचं जुनं गाव शोधायचं असेल तर तीन ठिकाणी बघा. तहसीलला खासरा आणि पहाणी पत्रकं, गावच्या शाळेचं जुनं प्रवेश रजिस्टर, आणि त्र्यंबकेश्वर, पंढरपूरला तुमच्या भागाच्या उपाध्यांच्या वह्या, तिथं पणजोबा कधी आले, कुठून आले, बरोबर कोण होतं हे सह्यांसकट लिहिलेलं असतं. जाताना आडनावाची जेवढी रूपं घरात ऐकली असतील तेवढी लिहून न्या, वार नसलेलं रूप पण न्या, कारण जुन्या वहीत बहुतेक तेच असतं. तेलुगू वाचणारं कुणी बरोबर असलं तर अजून बरं, धर्माबाद, कुंडलवाडीकडच्या जुन्या दुकानांच्या खातेवह्यांत काही काही नोंदी तेलुगूत सापडतात.